ट्रकची बॅटरी : दर्जा ओळखा, वॉरंटीचा हक्क मिळवा

ट्रकच्या धंद्यात डिझेल, टायर आणि बँकेचा हप्ता या तीन खर्चांचा हिशोब प्रत्येक मालकाला तोंडपाठ असतो. बॅटरीचा हिशोब मात्र गाडी बंद पडेपर्यंत कोणी करीत नाही. बॅटरी ही दोन-तीन वर्षांतून एकदा घ्यावयाची वस्तू, त्यामुळे दुकानदार देईल ती घ्यावी, कार्ड डॅशबोर्डमध्ये टाकावे आणि विसरून जावे, अशीच बहुतेकांची रीत असते. या रीतीची किंमत पुढे मोजावी लागते.

समजा, लासलगावहून कांदा भरून वाशीच्या बाजाराकडे निघालेली गाडी रात्री कसाऱ्याजवळ चहासाठी थांबली. ड्रायव्हर परत येऊन सेल्फ मारतो तर नुसता 'टक' असा आवाज. भरलेली गाडी, चढाचा रस्ता, धक्का मारण्याचा प्रश्नच नाही. दुसऱ्या गाडीवरून केबल लावून निघेपर्यंत बाजाराची वेळ टळते. बॅटरी १४ महिन्यांची आणि कार्डावर वॉरंटी १८ महिन्यांची. मालक दुकानदाराकडे जातो. दुकानदार म्हणतो, 'ठेवून जा, चार्ज करून पाहू.' दोन दिवसांनी उत्तर मिळते, 'बॅटरीत दोष नाही, तुमच्या गाडीत दोष आहे. क्लेम बसत नाही.' मालकाला वाटते आपल्याला फसवले. दुकानदार म्हणतो, निर्णय कंपनीचा माणूस करतो, माझ्या हातात काही नाही.

यात खरे कोणाचे? दोघांपैकी कोणाचेही असू शकते. मात्र ज्याच्याकडे आकडे आणि कागद असतात, त्याचेच शेवटी ऐकले जाते. ते आकडे कसे घ्यावेत आणि ते कागद कोणते, हे या लेखात पाहू.

वॉरंटी कशाची असते?

वॉरंटी म्हणजे बॅटरी अमुक महिने चालेलच असे वचन, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे. बॅटरीच्या घडणीत किंवा मालात दोष निघाला तर कंपनी ती बदलून देईल, एवढेच ते वचन असते. बॅटरी नुसती उतरली असेल, जास्त चार्जिंगने जळली असेल, पाण्याअभावी प्लेटा सुकल्या असतील, खोका फुटला असेल किंवा आत बाहेरचे ॲसिड घातले असेल, तर या गोष्टी सहसा वॉरंटीत बसत नाहीत. गाडी थांबल्याने झालेले भाड्याचे किंवा मालाचे नुकसानही कार्डातील अटींत बहुधा वगळलेले असते. वरील उदाहरणातील मालकाचा क्लेम मंजूर झाला असता तरी त्याला बॅटरी मिळाली असती, कांद्याचा भाव नव्हे. म्हणून क्लेमपेक्षा काळजी स्वस्त पडते.

आणखी एक अट पाहून घ्यावी. अनेक कंपन्या वॉरंटीची मुदत वाहनाच्या प्रकारावर ठरवितात. जी बॅटरी घरगुती मोटारीत जास्त महिन्यांच्या वॉरंटीची असते, तीच भाड्याच्या किंवा माल वाहणाऱ्या गाडीत बसविली तर मुदत कमी होते. मोटारीसाठी किंवा इन्व्हर्टरसाठी बनविलेली बॅटरी स्वस्त मिळाली म्हणून ट्रकमध्ये बसविली, तर वॉरंटी नाकारण्याचे कारण आपणच कंपनीच्या हातात देतो.

पैसे देण्यापूर्वी

बाजारात तीन प्रकारचा माल असतो. पहिला नामांकित कंपन्यांचा. दुसरा स्थानिक कारखान्यात जोडलेला, ज्याला 'लोकल' म्हणतात. तिसरा जुनी बॅटरी खोलून, काही प्लेटा बदलून, नवे स्टिकर लावून विकलेला. प्रत्येक लोकल बॅटरी वाईटच असते असे नाही. जुन्या बॅटऱ्यांतील शिसे पुन्हा वापरणे हाही दोष नव्हे. मोठ्या कंपन्याही ते वापरतात, परंतु नीट शुद्ध करून. दोष आहे तो भट्टीत नुसते वितळवून अशुद्ध शिसे वापरण्यात, प्लेटा पातळ करण्यात किंवा सेलमधील प्लेटांची संख्या कमी करण्यात. अशी बॅटरी पहिले काही महिने उत्तम सेल्फ मारते. नंतर एका उन्हाळ्यात बसते.

खोका उघडून पाहता येत नाही, पण पुढील गोष्टी गिऱ्हाइकाला तपासता येतात.

१. वजन. शिसे जड असते आणि महागही असते, म्हणून लबाडी तेथेच होते. कंपनीच्या माहितीपत्रकात त्या मॉडेलचे वजन दिलेले असते. ॲसिडसह की ॲसिडविना हे पाहून काट्यावर ताडून घ्यावे. त्याच क्षमतेची दुसरी बॅटरी ठळकपणे हलकी भरली तर सावध व्हावे.

२. तारखेचा कोड. खोक्यावर किंवा टर्मिनलवर बनविल्याचा महिना व वर्ष कोडमध्ये असते. प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा असतो, तो दुकानदाराकडून समजून घ्यावा. बॅटरी पडून राहिली तरी आपोआप उतरत जाते. अनेक महिने फळीवर राहिलेली बॅटरी चार्ज न करता देऊ लागला तर घेऊ नये.

३. नंबर. खोक्यावरील सिरियल नंबर आणि कार्डावरील नंबर एकच हवा. कंपनी फोनवर किंवा इंटरनेटवर नोंदणी करीत असेल तर ती दुकानातच करून घ्यावी. नंबर नोंदला जात नसेल तर माल खोटा किंवा आधीच विकलेला असण्याचा संभव असतो.

४. मानक. वाहनांच्या शिसे-ॲसिड बॅटरीसाठी भारतीय मानक आयएस ७३७२ आहे. बॅटरीत घालावयाच्या पाण्यासाठी आयएस १०६९ आहे. हे आकडे खोक्यावर, डब्यावर वा माहितीपत्रकात आहेत का ते पाहावे.

५. व्होल्ट. साधा डिजिटल मीटर लावून पाहावा. चांगली भरलेली १२ व्होल्टची बॅटरी थोडा वेळ शांत राहिल्यानंतर १२.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक दाखविते. १२.२ दाखवीत असेल तर ती जवळपास अर्धी उतरलेली आहे.

यानंतर पक्के बिल घ्यावे. बिलावर मॉडेल, सिरियल नंबर, गाडीचा नंबर आणि तारीख लिहून घ्यावी. 'बिल घेतले तर एवढे, न घेतले तर तेवढे' या सौद्यात जे काही शे रुपये वाचतात, त्यात वॉरंटीचा पुरावा विकला जातो. बिल आणि कार्ड दोन्हींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण डॅशबोर्डमधील कागद पहिल्या पावसातच जातो.

दोष बॅटरीचा की गाडीचा?

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्टचा. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी मोजता येते. भरलेल्या सेलची ग्रॅव्हिटी बॅटरीच्या प्रकाराप्रमाणे साधारण १.२४० ते १.२८० असते. आपल्या बॅटरीचा नेमका आकडा कंपनीच्या पत्रकात मिळतो. मोजण्यापूर्वी ठिणगी, विडी, सिगारेट दूर ठेवावी, कारण चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. डोळ्यांवर चष्मा असावा. नुकतेच पाणी घातले असेल तर चार्ज केल्याशिवाय मोजू नये, आकडा खोटा येतो.

सहा आकडे एका ओळीत लिहून पाहावेत. त्यांतून पुढीलप्रमाणे अर्थ निघतो.

पाच सेल १.२४० च्या आसपास आणि एकच १.१५० : पूर्ण चार्ज करूनही हा फरक राहिला तर एक सेल गेला. असा सेल पूर्ण मेला असेल तर बाहेर मीटरवर बॅटरी १२.६ ऐवजी साडेदहाच्या आसपास दाखविते. हा बहुधा घडणीचा दोष असतो आणि क्लेम मजबूत असतो.

सहाही सेल सारखेच खाली, पण चार्ज केल्यावर सारखेच वर : बॅटरी चांगली आहे, ती फक्त उतरली आहे. दोष गाडीत शोधावा. अल्टरनेटरचा पट्टा ढिला असेल, गाडी आठ-आठ दिवस उभी राहत असेल, जीपीएस यंत्र रात्रंदिवस करंट खात असेल किंवा वायरिंगमध्ये कोठे तरी गळती असेल. वादग्रस्त क्लेमांत हा प्रकार नेहमी भेटतो. गिऱ्हाईक 'बॅटरी गेली' म्हणतो आणि कंपनी 'बॅटरी उतरली' म्हणते.

सहाही खाली आणि बराच वेळ चार्ज करूनही वर येत नाहीत : बॅटरी बराच काळ उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली आणि प्लेटांवर सल्फेट कडक झाले. उतरलेली बॅटरी तशीच ठेवणे हे तिचे आयुष्य संपविण्याचे सर्वांत सोपे साधन आहे. येथे क्लेम बहुधा नाकारला जातो.

सर्व सेलमधील पाणी वारंवार कमी, ॲसिड तपकिरी, खोका गरम किंवा फुगलेला : जास्त चार्जिंग. रेग्युलेटर तपासावा. इंजिन चालू ठेवून २४ व्होल्टच्या गाडीत मीटर लावला तर साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट यावेत. २९ च्या वर सतत जात असेल तर नवी बॅटरीही तशीच जळेल.

सीलबंद बॅटरीत सेल मोजता येत नाहीत. काहींवर हिरवा-काळा डोळा असतो, पण तो एकाच सेलची स्थिती दाखवितो. डोळा हिरवा म्हणजे सहाही सेल चांगले, असे समजू नये. येथे मीटर आणि लोड टेस्टर यांवरच भिस्त ठेवावी. सेल्फ मारताना मीटर धरून पाहावे. भरलेली बॅटरीही त्या क्षणी ९.६ व्होल्टच्या बरीच खाली कोसळत असेल तर तिच्यात दम राहिलेला नाही. मात्र त्याआधी केबल, अर्थिंग आणि टर्मिनल घट्ट व स्वच्छ आहेत याची खात्री करावी.

एका बॅटरीवरून बारा व्होल्ट

आपल्याकडील मोठे ट्रक २४ व्होल्टवर चालतात आणि त्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. केबिनमधील टेप, पंखा, मोबाइलचा चार्जर, शोभेचे दिवे यांपैकी बरेच सामान १२ व्होल्टचे. इलेक्ट्रिशियन सोपा मार्ग काढतो आणि दोहोंपैकी एका बॅटरीवरून वायर घेतो.

येथेच पुष्कळ क्लेम बुडतात. अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्यांना मिळून २८ व्होल्ट देतो. कोणत्या बॅटरीवर किती भार आहे हे त्याला कळत नाही. ज्या बॅटरीवरून टेप व पंखा चालतो ती रोज थोडी अर्धपोटी राहते. तिच्या वाट्याला १३ व्होल्टच्या आसपास येतात आणि उरलेले १५ दुसरीवर पडतात. काही महिन्यांत एक उपासाने मरते आणि दुसरी अजीर्णाने. कंपनीचा माणूस दोन्हींचे आकडे पाहतो आणि कारण ओळखतो. मालक मात्र शपथेवर सांगतो की दोन्ही बॅटऱ्या एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतल्या. दोघेही खरे बोलत असतात.

कसाऱ्याला उभ्या राहिलेल्या त्या गाडीत एका बॅटरीचे सहाही सेल खाली आणि दुसरीचे पाणी आटलेले निघाले, तर मालकाने दुकानदाराशी भांडू नये. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवून घ्यावा. त्याचा खर्च बॅटरीच्या मानाने किरकोळ आहे. पण एका बॅटरीचा एकच सेल मेलेला निघाला, तर मागे हटू नये.

याच कारणाने जोडीतील एक बॅटरी नवी आणि एक जुनी ठेवणे टाळावे. दोन्ही एकाच बनावटीच्या, एकाच क्षमतेच्या आणि शक्य तितक्या एकाच तारखेच्या असाव्यात. वॉरंटीत एकच बदलून मिळाली तर दुसरी पूर्ण चार्ज करून, तपासून मगच जोडीस लावावी.

क्लेम कसा करावा

पहिले, आपले आकडे आधी लिहून ठेवावेत. तारीख, दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट, सहा-सहा सेलची ग्रॅव्हिटी, चालू इंजिनवरील अल्टरनेटरचे व्होल्ट. मीटरवरील आकड्याचा फोटो काढावा.

दुसरे, बॅटरीवर प्रयोग करू नयेत. ॲसिड बदलणे, सेल खोलणे, नंबर खरवडणे यांपैकी काहीही झाले की वॉरंटी संपली.

तिसरे, बॅटरी देताना पावती घ्यावी. पावतीवर सिरियल नंबर, दिल्याची तारीख आणि तक्रार लिहिलेली असावी. 'आपलाच माणूस आहे' म्हणून पावतीशिवाय दिलेली बॅटरी दुकानात हरवली तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही.

चौथे, चार्जिंगला वेळ द्यावा. उतरलेली ट्रकची बॅटरी नीट चार्ज होऊन तिची चाचणी व्हावयास एक-दोन दिवस लागणे रास्त आहे. त्या काळात बदली बॅटरी मिळेल का, हे तेव्हाच विचारून घ्यावे.

पाचवे, नकार मिळाला तर तो लेखी मागावा. कोणत्या सेलचा आकडा किती आला आणि कोणत्या अटीखाली नकार दिला, हे कागदावर आले पाहिजे.

बदलून मिळालेल्या बॅटरीवर नवी वॉरंटी सुरू होते असे अनेकांना वाटते. सर्वसाधारणपणे तसे नसते. मूळ खरेदीपासून जेवढी मुदत उरली असेल तेवढीच नव्या बॅटरीला मिळते.

प्रो-राटाचा हिशोब

कार्डावर '१८ अधिक १८' असे काही लिहिलेले असते. पहिल्या १८ महिन्यांत बॅटरी फुकट बदलून मिळते. पुढील १८ महिन्यांत नव्या बॅटरीवर ठरावीक टक्के सूट मिळते, तिला प्रो-राटा म्हणतात. ही सूट बहुधा छापील किमतीवर असते, बाजारभावावर नव्हे.

एक काल्पनिक हिशोब पाहू. छापील किंमत १५,००० रुपये, सूट ३० टक्के. म्हणजे आपण १०,५०० रुपये भरणार आणि जुनी बॅटरी क्लेममध्ये जाणार. तीच बॅटरी शेजारच्या दुकानात जुनी बदल्यात घेऊन ११,००० रुपयांना मिळत असेल, तर सुटीचा खरा फायदा ५०० रुपयांचाच. वर नव्याने विकत घेतलेल्या बॅटरीला पूर्ण नवी वॉरंटी असते. म्हणून उत्तरार्धातील क्लेमसाठी चार चकरा मारण्यापूर्वी कागदावर हिशोब करावा. खरेदी करतानाही 'एकूण ३६ महिने' या मोठ्या आकड्याला न भुलता त्यातील फुकट बदलीचे महिने किती, हेच विचारावे.

नकार मिळाला तर

आकडे आपल्या बाजूने असूनही क्लेम नाकारला तर प्रथम कंपनीच्या ग्राहक विभागाला सिरियल नंबरसह लेखी तक्रार करावी. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथेही मार्ग न निघाल्यास जिल्हा ग्राहक आयोग.

येथे ट्रकमालकाला एक कायदेशीर प्रश्न विचारला जातो. 'तुम्ही व्यापारासाठी बॅटरी घेतली, मग तुम्ही ग्राहक कसे?' ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तू वगळल्या आहेत हे खरे. पण स्वयंरोजगारातून केवळ आपला उदरनिर्वाह चालविण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही, असे स्पष्टीकरण त्याच कायद्यात आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी.एस.जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ट्रकचेच उदाहरण दिले आहे. स्वतः चालविण्यासाठी ट्रक घेणारा मनुष्य ग्राहक ठरतो आणि मदतीला एक-दोन माणसे घेतली तरी त्याचा हा दर्जा जात नाही. दुसऱ्यांकडून चालविण्यासाठी वाहन घेणाऱ्याला मात्र हे संरक्षण मिळत नाही. अनेक गाड्यांच्या मालकाला वस्तुविक्री कायदा १९३० च्या आधारे दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे.

तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. ५ लाख रुपयांपर्यंत मोजलेल्या किमतीच्या प्रकरणात आयोगाची फी लागत नाही. दोष प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि त्याची फी तक्रारदाराला भरावी लागू शकते. म्हणून वाद सुटेपर्यंत ती बॅटरी भंगारात घालू नये. तोच मुख्य पुरावा आहे.

दुकानदारांसाठी दोन शब्द

आपल्या वाचकांत गॅरेजवाले आणि बॅटरीचे दुकानदारही आहेत. क्लेमच्या भांडणात कंपनी दूर असते आणि गिऱ्हाईक समोर, त्यामुळे शिव्या दुकानदाराला मिळतात. त्यावर उपाय विक्रीच्या दिवशीच आहे. आधी आलेला माल आधी विकावा. प्रत्येक बॅटरी चार्ज करून, आकडा गिऱ्हाइकाला दाखवून द्यावी. बसविल्यावर चालू इंजिनवर अल्टरनेटरचे व्होल्ट मोजून बिलावर लिहावेत. दोहोंपैकी एका बॅटरीवरून वायर गेलेली दिसली तर तेव्हाच सांगावे आणि सांगितल्याची नोंद करावी. दहा मिनिटांचे हे काम पुढचे दहा महिने भांडण वाचविते. लोकल माल विकत असाल तर लोकल म्हणूनच विकावा आणि त्याची वॉरंटी आपण स्वतः देत आहोत हे स्पष्ट लिहून द्यावे.

जुन्या बॅटऱ्या रस्त्यावरच्या भट्टीवाल्याला देऊ नयेत. शिशाचा धूर आणि सांडलेले ॲसिड वस्तीतील मुलांच्या अंगात व विहिरीत उतरते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार जुनी बॅटरी अधिकृत मार्गानेच पुनर्वापराकडे गेली पाहिजे. शिवाय नकली बॅटरी बनविणाऱ्याला रिकामा खोकाही अशाच भंगारातून मिळतो.

ट्रकमालकांनी निदान एवढे करावे. एक हायड्रोमीटर, एक डिजिटल मीटर आणि एक वही गाडीत ठेवावी. महिन्यातून एकदा सहा आणि सहा असे बारा आकडे लिहावेत, पाण्याची पातळी प्लेटांच्या वर साधारण १० ते १५ मिलिमीटर राखावी, घालताना फक्त डिस्टिल्ड वॉटरच घालावे, आणि बॅटरी पेटीतील पट्टी घट्ट आहे ना ते पाहावे, कारण खड्ड्यांच्या हादऱ्याने प्लेटांतील मसाला गळतो. ही वही असली की बिघाड रस्त्यावर नव्हे, घरीच कळतो. आणि बॅटरीच खोटी निघाली, तर दुकानाच्या काउंटरवर आवाज चढविण्याची गरज पडत नाही. वही उघडून पुढे ठेवावी.